हुद्द्याची वेठ

कोंकणच्या बोलींत ‘चाकरमानी’ हा शब्द मोठ्या मायेनें उच्चारला जातो. मुंबईस नोकरी करणारा, महिन्याच्या महिन्याला मनीऑर्डर पाठविणारा आणि गणपतीस व शिमग्यास गांवीं येणारा घरचा माणूस तो चाकरमानी. मालवण, देवगड व वेंगुर्ले या किनाऱ्यावर असें घर क्वचितच सांपडेल कीं ज्याच्या दोन-तीन पिढ्यांत एकहि चाकरमानी निपजला नाहीं. या शब्दाच्या व्युत्पत्तीशीं येथें कर्तव्य नाहीं. परंतु कानाला त्यांत चाकरी आणि मान हीं दोन्ही पदें ऐकूं येतात, आणि पगारी माणसाच्या आयुष्यांतील एक मोठा प्रश्न नेमका या दोहोंच्या मध्यें उभा आहे. चाकरीचे तास वाढत जातात आणि त्यांच्या मोबदल्यांत पैसा न देतां मान दिला जातो. हुद्दा देऊन वेळ घेण्याची ही रीत कशी चालते, कायदा तिच्याविषयीं काय म्हणतो आणि सिंधुदुर्गाच्या किनाऱ्यावर तिला आज एवढें महत्त्व कां आलें आहे, हा प्रस्तुत भाषणाचा विषय आहे.

विनामोबदला श्रम ही गोष्ट कोंकणाला नवी नव्हे. मालवण तालुका १९८१ सालच्या १ मेपर्यंत रत्नागिरी जिल्ह्यांत मोडत असे, आणि त्या जुन्या जिल्ह्यांतील खोती गांवांतून खोत आपल्या कुळांकडून वेठ घेत असत. कुळानें आठ दिवसांतून एक दिवस खोताच्या कामावर फुकट राबावें, या हक्काला ‘आठवेठ’ असें नांवच पडलें होतें. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनीं १७ सप्टेंबर १९३७ रोजीं मुंबईच्या विधिमंडळांत खोती नष्ट करण्याचें विधेयक मांडलें. जानेवारी १९३८ मध्यें कोंकणांतील हजारों शेतकरी त्यासाठीं मुंबईंत मोर्चानें गेले. आणि अखेर १९४९ सालीं खोती नाहींशी करणारा कायदा झाला. वेठ कायद्यानें गेली. परंतु आठ तासांच्या कामावर रोज एक तास अधिक, आणि तो फुकट, असा हिशेब मांडून पाहिला तर आठवा हिस्साच निघतो. फरक इतकाच कीं आपण वेठ करीत आहों हें कुळाला ठाऊक होतें; आजच्या पगारी माणसाला तें ठाऊक नसतें, कारण त्याच्या वेठीवर हुद्द्याचा शेला पांघरलेला असतो.

जो चाकरमानी मुंबईस जाऊन गिरणींत लागला, त्याच्या वेळेचा इतिहास निराळा आहे. विसाव्या शतकाच्या आरंभींच्या जनगणनांत मुंबईच्या वस्तींतील बाहेरून आलेल्या लोकांत रत्नागिरी जिल्ह्यांत जन्मलेल्यांचा भरणा सर्वांत मोठा दिसतो, आणि त्यांतील पुष्कळांचें पोट गिरण्यांवर चाले. नारायण मेघाजी लोखंडे यांनीं १८८४ सालीं गिरणी कामगारांची सभा स्थापन केली आणि १० जून १८९० रोजीं गिरणीमालकांनीं रविवारची सुटी मान्य केली. पुढें १९०५ च्या सुमारास गिरण्यांत विजेचे दिवे आले आणि दिवस मावळला तरी काम मावळेना; चौदा-चौदा तास साचे चालूं लागले. त्यावर हळूहळू कायद्याचा लगाम बसला. १९२२ सालीं दिवसाला अकरा व आठवड्याला साठ तास, १९३४ सालीं दहा व चोपन्न, १९४६ सालीं नऊ व अठ्ठेचाळीस, अशी मर्यादा उतरत आली. आणि १९४८ च्या कारखाने कायद्यानें मर्यादेपलीकडील प्रत्येक तासाला दुप्पट दर ठरवून दिला. गिरणीचा भोंगा कामावर बोलावीत असे, तसाच तो सुटीहि देत असे. भोंगा झाल्यावर साच्यापाशीं उभें राहिलें तर तें जादा काम आहे हें मालक, जॉबर व कामगार या तिघांनाहि कळत होतें.

कचेरींतील कारकुनाला मात्र भोंगा नव्हता. ‘साहेब उठल्यावर उठावें’ हाच त्याचा नियम. त्याच्या व दुकानांतील नोकराच्या तासांना पहिली मर्यादा मुंबई प्रांताच्या १९३९ च्या दुकाने व संस्था कायद्यानें घातली. हिंदुस्थानांतील या जातीचा तो पहिलाच कायदा. त्याच्या जागीं १९४८ चा कायदा आला, आणि त्याहि जागीं महाराष्ट्राचा २०१७ चा कायदा १९ डिसेंबर २०१७ पासून अंमलांत आला. दिवसाला नऊ तास, आठवड्याला अठ्ठेचाळीस आणि त्यापुढें दुप्पट दर, असें त्याचें मूळचें स्वरूप होतें. सप्टेंबर २०२५ मध्यें राज्यमंत्रिमंडळानें नऊ तासांचे दहा करण्यास संमति दिली.

येथपर्यंत सर्व ठीक दिसतें. परंतु या प्रत्येक कायद्याच्या भिंतींत एक दिंडी ठेवलेली आहे. देखरेख करणारे, व्यवस्था पाहणारे आणि विश्वासाच्या जागेवर बसणारे यांना तासांची मर्यादा लागू नाहीं, असें कारखान्यांच्या कायद्यांतहि होतें व दुकानांच्या कायद्यांतहि आहे. यामागील विचार गैर नव्हे. जो माणूस स्वतःच दुसऱ्यांचे तास ठरवितो, ज्याच्या शब्दानें नोकर ठेवला वा काढला जातो आणि ज्याचा पगार त्या अधिकाराला साजेसा असतो, त्याच्या डोक्यावर घड्याळ टांगण्याचें कारण नाहीं. परंतु दिंडी एकदां ठेवली कीं तिच्यांतून कोणाला बाहेर काढावयाचें हें मालकाच्या हातीं जातें. पगार न वाढवितां नुसतें नांव वाढविलें, तरी माणूस कायद्याच्या वाड्याबाहेर उभा राहतो, आणि तो आनंदानें उभा राहतो.

सिंधुदुर्गाचा किनारा या दृष्टीनें पाहण्यासारखा आहे. १९९७ सालीं हा जिल्हा पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला. १९९८ सालीं कोंकण रेल्वे पूर्ण मार्गानें धांवूं लागली. २०२१ सालीं चिपीचा विमानतळ सुरू झाला. तारकर्ली, देवबाग, वायरी, मालवण येथें निवास-न्याहारीचीं घरें, लॉज, खानावळी आणि स्कूबा डायव्हिंगचीं केंद्रें उभीं राहिलीं. जो तरुण पूर्वीं मुंबईस गेला असता त्याला गांवांतच चाकरी मिळूं लागली. ही गोष्ट निःसंशय चांगली झाली. परंतु या धंद्याला हंगाम आहे. पावसाळ्यांत दर्या खवळतो, जलक्रीडा व किल्ल्याकडील होड्या बंद होतात. आणि मग दिवाळी, नाताळ व मे महिना यांत वर्षाची कमाई करावयाची असते. त्या दिवसांत पहाटेच्या गाडीनें आलेल्या पाहुण्याला खोली उघडून देणाराच रात्रीं उशिरा जेवणाऱ्या पाहुण्याचें बिल करतो. त्याच्या नांवापुढें ‘मॅनेजर’ असें लिहिलेलें असतें. तो हिशेब लिहितो, चादरी मोजतो, बाजार आणतो, फोन घेतो, आणि वेळ पडली तर मासळीहि साफ करतो. कोणाला कामावर ठेवण्याचा वा काढण्याचा अधिकार त्याला नसतो. खोलीच्या भाड्यांत शंभर रुपये कमी करावयाचे झाले तरी मालकाला विचारावें लागतें. ‘नांव सोनूबाई, हातीं कथलाचा वाळा’ ही म्हण अशा मॅनेजरासाठींच केली असावी असें वाटतें.

या कथलाची किंमत काय, हें एकदां अंकगणितानें पाहिलें पाहिजे. समजा, एखाद्याचा महिन्याचा पगार २०,००० रुपये आहे. सव्वीस दिवस व रोजचे आठ तास धरले तर महिन्याचे २०८ तास होतात आणि एका तासाचे सुमारें ९६ रुपये पडतात. जादा तासाचा दर दुप्पट, म्हणजे सुमारें १९२ रुपये. रोज एकच तास अधिक थांबलें तर महिन्याअखेर बरोबर ५,००० रुपये होतात. म्हणजे पगाराचा चौथा हिस्सा. पगार कितीहि असो, आठ तासांच्या दिवसावर रोजचा एक जादा तास दुप्पट दरानें म्हणजे पगाराचा चौथा हिस्सा, हें प्रमाण बदलत नाहीं. हंगामांत रोज तीन तास अधिक होत असतील तर ती रक्कम १५,००० वर जाते. अशा माणसाला दोन हजारांची बढती देऊन ‘मॅनेजर’ केलें, तर घरांत पेढे वांटले जातात. वस्तुतः त्या दिवशीं त्या घरानें हंगामाच्या प्रत्येक महिन्यास तेरा हजार रुपये सोडून दिलेले असतात.

कायद्यानें या युक्तीपुढें हात टेकले आहेत काय? मुळींच नाहीं. न्यायालयांनीं या बाबतींत एक सूत्र वारंवार सांगितलें आहे, आणि तें प्रत्येक पगारी घरांत माहीत असावयास हवें: हुद्द्याचें नांव पाहूं नये, मुख्य काम कोणतें तें पाहावें. साउथ इंडियन बँकेच्या एका नोकराला ‘अकौंटंट’ असें पद होतें आणि म्हणून तो अधिकारी आहे असें बँकेचें म्हणणें होतें. १९६४ सालीं सर्वोच्च न्यायालयानें त्याला कामगारच मानलें, कारण त्याचें मुख्य काम लेखनिकाचें होतें. आनंदबझार पत्रिकेच्या खटल्यांत भविष्यनिर्वाह निधीच्या विभागाचा प्रमुख म्हणून काम पाहणाऱ्या कारकुनाचा प्रश्न आला. त्याच्या हाताखालीं दोन कारकून व एक शिपाई होता. कामाची वांटणी करावी, रजेची शिफारस करावी, इतकाच त्याचा अधिकार. तेवढ्यानें तो पर्यवेक्षक होत नाहीं असा निर्णय झाला. मुंबईच्या सिबा-गायगी कंपनींत लघुलेखक व हिशेबनीस म्हणून लागून पुढें वरच्या पदावर गेलेल्या गृहस्थाच्या खटल्यांत १९८५ सालीं सर्वोच्च न्यायालयानें हें सूत्र अधिकच स्पष्ट केलें: माणसाकडे नाना कामें असतील तर त्यांतील प्रधान काम कोणतें तें शोधावें, जातां जातां सोंपविलेल्या चार इतर कामांनीं त्याचा दर्जा पालटत नाहीं.

हा प्रश्न एकट्या हिंदुस्थानाचा नाहीं. जपानांत २८ जानेवारी २००८ रोजीं टोकियोच्या जिल्हा न्यायालयानें मॅकडोनाल्ड कंपनीच्या एका उपाहारगृहाच्या मॅनेजराला न दिलेल्या जादा तासांबद्दल सुमारें ७५ लाख येन देण्याचा हुकूम केला. दुकान त्याच्या ताब्यांत होतें, हाताखालीं माणसें होतीं. तरीहि कंपनीच्या धोरणांत त्याला आवाज नव्हता आणि स्वतःच्या वेळेवर त्याचा ताबा नव्हता, हें न्यायालयानें महत्त्वाचें मानलें. ‘नांवापुरता मॅनेजर’ अशा अर्थाचा शब्दच त्यानंतर जपानी भाषेंत घरोघर झाला. टोकियोचें उपाहारगृह आणि तारकर्लीचा लॉज यांत समुद्राएवढें अंतर असेल. परंतु मॅनेजरपणाची कसोटी दोन्हीकडे एकच लागते.

मात्र न्यायालयाचें सूत्र चांगलें असलें तरी कायद्यांतील रकमा माणसाला चकवितात. देखरेख करणाऱ्याचा पगार ठराविक मर्यादेपेक्षां कमी असेल तर औद्योगिक कलह कायदा त्याला कामगार मानीत असे. ही मर्यादा १९५६ सालीं ५०० रुपये होती. १९८४ सालीं ती १,६०० झाली. २०१० सालीं १०,००० झाली. आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून अंमलांत आलेल्या औद्योगिक संबंध संहितेंत ती १८,००० आहे. १९५६ सालीं पांचशे रुपये मिळविणारा माणूस खरोखरच मोठा असे. आज अठरा हजारांच्या वर पगार घेणारा माणूस मोठा असतो असें मालवणच्या बाजारांत कोणी म्हणणार नाहीं. आणि व्यवस्थापक म्हणून ज्याची गणना झाली त्याला तर ही मर्यादाहि नाहीं. त्यामुळें ‘सुपरवायझर’ या नांवापेक्षां ‘मॅनेजर’ हें नांव मालकाला अधिक स्वस्त पडतें.

किनाऱ्यावरील नोकराची दुसरी अडचण संख्येची आहे. २०१७ चा दुकाने कायदा मुळांत दहा वा अधिक कामगारांच्या आस्थापनांसाठीं होता आणि २०२५ च्या निर्णयांत ही संख्या वीसवर नेण्यांत आली. मालवणच्या धंद्यांतून वीस माणसें एकत्र कोठें असतात? चार-पांच नोकरांचें घरगुती निवासस्थान या जाळ्याच्या बाहेरच राहतें. तेव्हां अशा ठिकाणच्या माणसानें वेतन-संहितेकडे पाहावें. हीहि २१ नोव्हेंबर २०२५ पासून अंमलांत आली असून तिला नोकरांच्या संख्येची अट नाहीं. ज्याच्या कामासाठीं किमान वेतनाचा दर ठरलेला आहे त्याला नेहमीच्या दिवसापेक्षां अधिक घेतलेल्या तासांबद्दल निदान दुप्पट दर द्यावा, असें ती सांगते. आणि तिच्यांतील ‘कर्मचारी’ या शब्दाची व्याप्ति ‘कामगार’ या शब्दाहून मोठी असून देखरेख व व्यवस्था पाहणारेहि तिच्यांत येतात.

मान देऊन वेळ घेण्याचा याहूनहि सोज्वळ प्रकार एक आहे, आणि तो सरकारच्या घरचा आहे. २ ऑक्टोबर १९७५ रोजीं एकात्मिक बाल विकास योजना सुरू झाली आणि वाडी-वाडींतून अंगणवाड्या उघडल्या. तेथील बाईला ‘सेविका’ म्हणावयाचें आणि तिला मिळतें तें वेतन नव्हे, ‘मानधन’. मुलांना शिकवावें, आहार द्यावा, वजनें घ्यावीं, गरोदर स्त्रियांची नोंद ठेवावी, घरोघर फिरावें आणि संध्याकाळीं तीच माहिती फोनवर भरावी, हीं सर्व कामें सेवा या सदरांत जमा झालीं. जेथें वेतनच नाहीं तेथें जादा वेतन कोठून येणार? २५ एप्रिल २०२२ रोजीं गुजरातेंतील एका प्रकरणांत सर्वोच्च न्यायालयानें, हें मानधन उपदान कायद्याच्या दृष्टीनें वेतनच आहे आणि या स्त्रियांचें काम अर्धवेळाचें मानतां येत नाहीं, असा निर्णय दिला. तरीहि वेतनश्रेणीचा प्रश्न सुटला नाहीं. ४ डिसेंबर २०२३ पासून महाराष्ट्रांतील अंगणवाडी सेविका संपावर गेल्या आणि तो संप जानेवारी २०२४ पर्यंत चालला. मॅनेजराला हुद्दा दिला, सेविकेला मान दिला. हिशेबाच्या वहींत दोघांचेहि जादा तास कोरेच राहिले.

मालकांची बाजूहि ऐकली पाहिजे, कारण ती अगदींच पोकळ नाहीं. किनाऱ्यावरील बहुतेक मालक लहान आहेत. ते स्वतः व त्यांच्या घरच्या बायका नोकरांइतक्याच किंवा त्यांच्याहून अधिक राबतात. खोल्यांसाठीं बँकेचें कर्ज काढलेलें असतें. एक वादळ आलें कीं महिना बुडतो. नोकर बहुधा गांवचा, नात्याचा वा ओळखीचा. त्याला घरच्याप्रमाणें जेवूं घालतात, त्याच्या अडीनडीला उभे राहतात. अशा ठिकाणीं तास मोजणें म्हणजे माणुसकी मोजणें, असें त्यांना वाटतें. परंतु घरचेपणाची खरी परीक्षा वांटणीच्या वेळीं होते. याच किनाऱ्यावर मच्छीमारींत खलाशाला वांटा देण्याची जुनी चाल आहे. दर्याची कमाई वाढली कीं त्याचाहि वांटा वाढतो, आणि घटली तर सर्वांनाच झळ लागते. लॉजच्या मॅनेजराला कष्टांत घरचा मानावयाचें आणि मे महिन्याच्या कमाईंत पगारी नोकर मानावयाचें, हा न्याय नव्हे. हंगामांत काम वाढूं नये असें कायदा म्हणत नाहीं. वाढलेलें काम वहींत दिसावें आणि त्याचा पैसा व्हावा, एवढेंच तो म्हणतो. आणि ज्याला पैसा देणें खरोखर जमत नाहीं अशा मालकानें पावसाळ्यांत तितके दिवस पगारी सुटी देण्याचा करार आधींच उघडपणें केला, तरी तो अबोल फुकटेपणापेक्षां शतपटीनें बरा.

नोकरानें काय करावें? पहिली गोष्ट, नेमणुकीचें पत्र मागून घ्यावें व त्यांत हुद्द्याच्या नांवाबरोबर कामांची यादी आहे कीं नाहीं तें पाहावें. दुसरी गोष्ट, येण्याजाण्याची वेळ रोजच्या रोज स्वतःच्या वहींत लिहावी. न्यायालयांत किंवा कामगार अधिकाऱ्यापुढें अशीं प्रकरणें बहुधा पुराव्याच्या अभावीं अडतात. मालकाच्या हजेरीपटावर जी वेळ असते ती बहुधा कायद्याला शोभणारी असते, खरी असतेच असें नाहीं. रोजची तारीख, आल्याची वेळ, गेल्याची वेळ आणि केलेलें काम, इतक्या चार रकान्यांची वही तीन वर्षांनींहि बोलते. तिसरी गोष्ट, बढतीचा कागद हातीं आला म्हणजे सही करण्यापूर्वीं घरीं बसून वर सांगितलेलें अंकगणित करावें. हीं कामें घरांतील लिहितां-वाचतां येणारा मुलगा वा मुलगीहि करूं शकेल.

शहरांतील सुशिक्षित कुटुंबांकडेहि या बाबतींत थोडें कर्तव्य येतें. मुंबई-पुण्यांतील हेंच कुटुंब आपल्या कचेरींत ‘असिस्टंट मॅनेजर’ म्हणून रात्रीं नऊपर्यंत बसतें, त्याबद्दल मनांत कुढतें, आणि मे महिन्यांत मालवणास गेलें कीं रात्रीं अकरा वाजतां गरम जेवणाची मागणी करतें. जो आपल्या तासांचा हिशेब मागूं इच्छितो त्यानें दुसऱ्याच्या तासांवर आपली सुटी बांधतांना त्याची किंमतहि देण्यास तयार असावें. दर स्वस्त कां आहे, असा प्रश्न एकदां तरी स्वतःला विचारावा. बहुधा त्याचें उत्तर खोली उघडून देणाऱ्या मॅनेजराच्या झोपेंत सांपडेल.

आठवेठ गेली ती कुळांनीं एकत्र येऊन तिला तिच्या खऱ्या नांवानें हांक मारली तेव्हां गेली. खोत तिला हक्क म्हणत होता, रूढि म्हणत होता. कुळांनीं तिला वेठ म्हटलें. आजच्या फुकट तासांना निष्ठा, जबाबदारी, सेवा, घरचेपणा अशीं नांवें आहेत, आणि त्यांतील एकहि नांव वाईट नाहीं. परंतु निष्ठा स्वेच्छेची असते आणि तास मोजून घेतल्यानें ती कमी होत नाहीं. चाकरमान्याला मान अवश्य मिळावा. तो त्याच्या चाकरीच्या दामाशिवाय नव्हे, दामासह मिळावा.